पाच हजारांची ओवी

गुरुजी,

खट्... खट्... खट्... तुमच्या सायकलचं पायडल दर फेऱ्याला चेनकव्हरला घासायचं, तो आवाज आज सकाळी रामाकोन्याच्या रस्त्यावर मला स्पष्ट ऐकू आला. मागे वळून पाहिलं तर कोणी नाही. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, वर थोडं धुकं, आणि मधे सत्तरीला टेकलेला मी, पळून राहिलेला! हो गुरुजी, मी पुन्हा पळायला लागलो आहे. सहा महिने झाले. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटते.

उद्या पांढुर्ण्याला दहा किलोमीटरची दौड आहे. जाम नदीचा पूल ओलांडून सावरगाव, पुढे शेतांमधून जाऊन तसंच परत. मी नाव दिलं आहे. घरी कळलं तेव्हा बायको म्हणाली, "काहून बाप्पा, या वयात लोकायले हासवता?" पण काल तिनेच माझे बूट धुऊन उन्हात ठेवले. मला नंबर नको आहे. मला एकदा, फक्त एकदा, शर्यतीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या स्वतःच्या वेगाने पळायचं आहे. ते माझ्याकडून राहून गेलं, आणि कसं राहिलं ते तुम्हाला मी कधी खरं सांगितलं नाही.

सौंसरच्या आपल्या शाळेत तुम्ही मराठी शिकवायचे, आणि कवायतीला वेगळे मास्तर नव्हते म्हणून शिटीही तुमच्याच गळ्यात. साऱ्या तालुक्यात पोरांना वृत्तांवर पळायला शिकवणारे तुम्ही एकटेच असाल. शंभर मीटरला कविता नाही, तो एका श्वासाचा शब्द, म्हणून टाकायचा. चारशेला भुजंगप्रयात: लगागा लगागा लगागा लगागा, पाय आपोआप उड्या घेतात. आणि पाच हजारांना ओवी. "दळणारी बाई पहाटभर दळते, थकते काय? ओवीत श्वास घ्यायले जागा असते बे!" असं म्हणून तुम्ही सायकलवर मागे येता, मी पुढे धापा टाकत ओवी म्हणतो, आणि माझा पाय जरा चढला की तुमची हाक येते, "वृत्त मोडलं रे!" ते पायडल तुम्ही कधी दुरुस्त केलं नाही. म्हणायचे, दुरुस्त केलं तर ताल जाईल.

एकदा तुमच्या स्वयंपाकघरात काकूंनी मला चून-भाकर वाढली होती. तुम्ही चुलीजवळ बसून कोळशाने फरशीवर आकडे मांडले. अंतर दुप्पट झालं म्हणून वेग अर्धा होत नाही, थोडासाच कमी होतो. पुन्हा दुप्पट करा, पुन्हा थोडासाच. "पण तो थोडासा किती, हे ज्याले समजलं तोच पळणारा." काकू ओरडल्या, "फरशी कोण पुसणार?" ती फरशी मग मी पुसली.

आता ऐका! मुलाने नागपूरहून मला घड्याळ पाठवलं आहे, वेग दाखवणारं. मी हट्टाने तुमची परीक्षा घेतली. एक किलोमीटर जीव तोडून पळालो, सहा मिनिटं लागली. आठवड्याने पाच किलोमीटर, तर दर किलोमीटरला साडेसहाच्या जरा वर. मग दहा, तर सातच्या जवळपास. दहापट अंतराला किलोमीटरमागे जेमतेम एक मिनिट जास्त! मी रस्त्यातच टाळ्या पिटल्या. कापसाची गाडी हाकणारा एक जण थांबून म्हणाला, "काका, तब्येत बरी हाय ना?" त्याला काय सांगू? तुमच्या फरशीवरचा कोळसा माझ्या मनगटावर चमकत होता.

आणि म्हणूनच ते छिंदवाड्याचं मैदान आठवलं. तेव्हा आपला जिल्हा छिंदवाडा होता, आता पांढुर्णाच जिल्हा झाला आहे. शाळांची जिल्हा स्पर्धा, पाच हजार मीटर, साडेबारा फेऱ्या. पहिल्या फेरीला माझी ओवी छान लागली होती. तेवढ्यात लोधीखेड्याचा तो उंच पोरगा शेजारून गेला आणि दात काढून म्हणाला, "काय गा, वरातीत चालला काय?" झालं. मी ओवी सोडली आणि त्याच्यामागे भुजंगप्रयात लावला. पुढच्या दोन फेऱ्या मी सगळ्यांच्या पुढे होतो, लोक ओरडत होते, काय सांगू ती मजा! पाचव्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी आली. सातव्या फेरीला मी गवतावर बसलो आणि पोटरी धरून ओरडलो, "गोळा आला! गोळा आला!"

गुरुजी, गोळा आला नव्हता.

परतीच्या बसमध्ये तुम्ही माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. धोतराला माती लागली तरी सौंसर येईपर्यंत चोळत राहिलात. मी डोळे मिटून पडलेलो. मग पिशवीतून एक संत्रं काढून सोललंत. "एकेक फोड खा," म्हणालात. "घाई नको करू." रागावला असतात तर बरं झालं असतं. त्यानंतर मी मैदानावर आलो नाही, पाय अधू झाला असं सगळ्यांना सांगत राहिलो. तुम्हालाही.

हे पत्र कुठे टाकणार? बुटांच्या खोक्यात ठेवीन. आता फाटक वाजलं. बायको कोणाशी तरी बोलते आहे, आणि खिडकीतून मला एक उंच, वाकलेला म्हातारा दिसतो आहे, खांद्याला पिशवी, पिशवीतून बुटाची नाडी लोंबते आहे.

"वहिनी, उद्याच्या दौडीच्या यादीत त्यायचं नाव पाह्यलं," तो म्हणतो आहे. "मी लोधीखेड्याचा. उठा म्हणा त्यायले, उद्या सोबत जाऊ. आन् पायात गोळाबिळा नाही ना आला, इचारा! त्यायच्या गुरुजीनं मले त्याच दिवशी सांगतलं होतं, पोट्ट्याचा पाय चांगला हाय, वृत्त मोडलं."

बायको हसते आहे. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही पाय चोळत राहिलात.

उद्या ओवीच म्हणीन, गुरुजी. पण खरं सांगतो, तो दारात उभा आहे आणि आत्ताच माझ्या छातीत लगागा सुरू झालं आहे.