अवसेची फाइल

१२ जानेवारी, सोमवार

सापडलं! प्रोग्रामला एकेक नाव सांगायचं नाही, नावाचा साचा सांगायचा. v\d+ — म्हणजे v आणि पुढे कितीही आकडे. शनिवारपर्यंत मी नुसतं v\d लिहीत होते, म्हणून तो v12 ला v1 समजत होता. मूर्ख! (तो नाही, मी.)

आंबीच्या आमच्या कारखान्यात पंपाच्या प्रत्येक भागाचं एक फोल्डर. त्यात v1, v2 अशी सुधारलेली फोल्डरं. रोज सकाळी मी आणि सविताताई शेवटचं शोधून त्यातली फाइल मशीनवर पाठवतो. हाताने! साहेब म्हणालेत, प्रोग्राम बिनचूक चालला तर पक्की नोकरी, तीही डिझाइनच्या खोलीत. जुनी फाइल गेली, तर माल भंगारात आणि मी घरी.

१३ जानेवारी

जेवायचंही सुचत नाही. लय भारी वाटतंय.

१५ जानेवारी

चुकला. नशीब, चाचणीच होती. पंपाच्या झाकणाचं v9 उचललं आणि शेजारच्या v9a कडे बघितलंसुद्धा नाही. हे a कुठून आलं?

सविताताई हसायला लागल्या. "अगं, त्या दिशी अवस व्हती. अवसेला नवा नंबर काढत न्हाई आमी. जुन्यालाच ए लावायचा."

मी म्हटलं, ताई, आधी सांगायचं ना!

"तू इचारलंस कुटं?"

मग त्यांनीच शेजारी बसून अशी सगळी फोल्डरं दाखवली. साचा आता v\d+a? असा. प्रश्नचिन्ह म्हणजे — a असला तर घे, नसला तर अडू नकोस. काय गोड चिन्ह आहे!

२० जानेवारी

कालपासून खऱ्या मशीनवर. एकही फाइल चुकली नाही! मशीनवरचे हौशीरामभाऊ म्हणाले, "पोरी, माल एक नंबर निघतुय." वलवणला घरी येईपर्यंत एकटीच हसत होते. आईला साचा कळला नाही, पक्की नोकरी कळली.

२३ जानेवारी, शुक्रवार

पक्की झाले. पेढे सविताताईंनी आणले, स्वतः सगळ्यांना वाटले. सोमवारपासून त्यांनी यायचं नाही — आमचं दोघींचं काम आता प्रोग्राम करतो. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. साहेब म्हणाले, "तुमचं चांगलं जमतं. तूच सांग."