दुबईच्या दुकानातून आलेला फोन

तेजूचे पप्पा,

मी पालीला, तेजश्रीच्या सासरी चाललेय. माझा भाऊ लखन संगं हाय. भाकरी टोपल्यात हाय, म्हशीला पाणी दाखवा.

पोरगी दुबईच्या मोठ्या दुकानातून फोन करती, आपल्याकडून तिकडं गेलेली भेंडी, शेवगा, ज्वारीचं पीठ दाखवती. तुमी शेजाऱ्यांना बोलवून दाखवता, लई सुखात हाय म्हणता. ती घरून का बोलत न्हाई, हे आपण कधी इचारलंच न्हाई.

आज तुमी रानात गेल्यावर फोन आला. जावई बिलाच्या रांगेत हुते. ती पिठाच्या पिशव्यांआड उभी राहून हळूच म्हणाली, "आई, या दुकानाशिवाय मला कुठंच जाऊ देत न्हाईत. पासपोर्ट लपवलाय. हात उचलतेत. मला घेऊन जा." तेवढ्यात फोन बंद झाला.

जावयाला फोन करू नका, ते तिच्यावरच राग काढतील. मी त्यांच्या आईबापासमोर बसते. पोरगी विमानात बसल्याशिवाय उठणार न्हाई. त्यांनी ऐकलं न्हाई तर बीडला पोलिसांकडं जाते.

तिचा फोन आला तर दिवाळीत म्हणालात तसं "जुळवून घे" म्हणू नका. "ये" म्हणा.