चार पौंडांचा तंगूस

शनिवार, ६ जानेवारी २००१
ऋचाचा मेल. ऑफिसात शिरलो, कॉम्प्युटर चालू केला, आणि समोर तिचं नाव. गेल्या एप्रिलमध्ये आईचं तेरावं करून दुबईहून कॅनडात विनिपेगला परत गेली, त्यानंतरचा पहिला. मजकूर एवढाच: "आइस फिशिंगसाठी कुठली लाइन घ्यायची? यू वुड नो. आर."
बाबा नाही. कसा आहेस नाही. तरी मी दुपारपर्यंत साइटचा एक रिपोर्ट धड लिहू शकलो नाही.
बर्फावर बसून मासे धरण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण मला माहीत असेल असं तिला वाटलं, हे काय कमी आहे?

रविवार, ७ जाने.
उत्तर पाच वेळा लिहिलं. थंडी सोसते का, जेवतेस काय, कोणाबरोबर जातेस, माझ्यावरचा राग... सगळं खोडलं. शेवटी पाठवलं: पाणी किती खोल? मासा केवढा? रीळ कसलं? अगदी कॉन्ट्रॅक्टरला पाठवतो तशी चौकशी. सु. असती तर म्हणाली असती, आपल्याच पोरीला कोटेशन मागतोयस का.

बुधवार, १० जाने.
उत्तर आलं. बर्फाला भोक पाडतात, खाली बारा-पंधरा फूट पाणी. मासे पर्च नि वॉलाय. काठी हातभर, हॉस्टेलच्या मैत्रिणीने दिलेली. लाइन मात्र स्वतःची आणायची.
लगेच लिहून टाकलं: वीस पौंडांचा तंगूस घे, म्हणजे वीस पौंड ओढ सोसणारी नायलॉनची लाइन. जाड घे, तुटायचा नाही. इथे हमूर मासा एकदा का दगडाखाली घुसला की बारीक तंगूस घासून तुटतो, गळ, शिसं, मासा, सगळं जातं. एक अख्खी ओळ मी तिच्या पदरात टाकली आणि दिवसभर खूश होतो. घरी येताना गाडीत गुणगुणलोसुद्धा.

शुक्रवार, १२ जाने.
ममझरच्या ब्रेकवॉटरवर. मित्र शशी बरोबर. वारा होता, दोन शेरी मासळ्या मिळाल्या, तळहाताएवढ्या.
याच दगडांवर ऋचा सहा-सात वर्षांची असल्यापासून यायची. तंगूस तर्जनीवर धरून बसायची, मासा टोचायला लागला की ओरडायची नाही, फक्त माझ्याकडे बघायची. सु. मागे सतरंजीवर, थर्मास आणि पुस्तक घेऊन. पक्की शाकाहारी, माशाचा वास आला की पदर नाकाला, पण शुक्रवार कधी चुकवला नाही.
शशी म्हणाला, "अवि, सांगून टाक ना तिला आता. सुनंदावहिनींनीच शपथ घातली होती तुला. तू का शिव्या खातोस?"
"मेलेल्या माणसावर ढकलू?"
"ढकलायचं काय त्यात? खरं आहे ते."
खरं आहे. गेल्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी सु.चे फार दिवस उरले नाहीत असं सांगितलं, त्याच संध्याकाळी ती म्हणाली, ऋचाची परीक्षा होऊ दे, तोवर तिला एक अक्षर कळवायचं नाही. कळवलंस तर माझ्याशी बोलू नकोस. मी भांडलो. तिने तोंड फिरवलं. मग नाही कळवलं. परीक्षा एप्रिलअखेर संपणार होती. सु. तोवर थांबली नाही.
ऋचा पोचली ती आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. जाताना एअरपोर्टवर म्हणाली, "यू डिसाइडेड. माझी आई होती आणि तू ठरवलंस." शपथेचं मी काढलं नाही. पोरीने माझा राग केला तर मी सोसेन. आईचा केला तर तो राग ती कुणावर काढणार, तिच्यापुढे फोटो आहे फक्त.

मंगळवार, १६ जाने.
ऋचा: "ट्वेंटी पाउंड वॉज अ जोक. रिळावरून स्प्रिंगसारखी उसळून आली. बर्फावर सगळी गुंडाळी पडली. सगळे हसले. मला वाटलं तुला माहीत असेल."
शेवटचं वाक्य. जेवलो नाही.
कळलं काय चुकलं ते. जाड नायलॉन थंडीत आणखी ताठ होतो, रिळावर ज्या वळ्यात राहिला ती वळी सोडत नाही. शिवाय तिथे दगड नाहीत, हमूर नाही. मासा पावशेराचा. मी माझ्याच समुद्राची लाइन तिला दिली. सगळं तसंच करतो मी. तिची थंडी मला कळत नाही आणि मी इथून तिला जाड घे म्हणून सांगतो.

गुरुवार, १८ जाने.
हाफ डे. देऱ्यात फिश मार्केटजवळच्या दुकानात गेलो. मल्याळी मालक, ओळखीचा. आइस फिशिंग म्हटल्यावर आत कुणाला तरी हाक मारून हसला. "हबीबी, दुबई में आइस सिर्फ कोल्ड्रिंक में मिलेगा." तरी बिचाऱ्याने फळीवरचं सगळं काढलं. चार पौंडी नायलॉन, आठ पौंडी, पंधरा पौंडी, आणि एक विणलेली दोरी, कापसासारखी मऊ, ताकदीला जबरदस्त. सगळ्यातलं एकेक रीळ घेतलं. शशीला दाखवलं तर म्हणतो, "नव्वद दिरहॅम! म्हणजे अकराशे रुपये. एवढ्यात माझ्याकडून सुरमई घे आणि खा गप."
उद्या त्याच्या गोदामात जायचं ठरलं. फ्रोझन पराठे, वाटाणे, मासळी हा त्याचा धंदा. अल कूझला कोल्ड स्टोअर आहे, वजा अठरा.

शुक्रवार, १९ जाने.
सकाळी दहाला शशीने कुलूप काढलं. कामगारांचं जाड जॅकेट मला दिलं, बाह्या आखूड. बादलीत पाणी घेतलं, चारही लाइनी त्यात बुडवल्या, कारण तिथे लाइन ओलीच वर येणार. कोरडी तपासून उपयोग नाही, एवढी अक्कल आता आली होती. पराठ्याच्या खोक्यांवर चार रिळं मांडली नि थांबलो.
विणलेली दोरी पहिली गेली. पाणी प्यायली होती, काडीसारखी उभी राहिली. शशीने उचलून दाखवली, "घे, अगरबत्ती." पंधरा पौंडी: वळ्यांचा गुंता, ऋचाची स्प्रिंग हीच. आठ पौंडी बरी, पण वाकवली की तशीच राहायची. चार पौंडी मऊ. बोटाला गुंडाळली, सोडली, सरळ झाली. बर्फाचे बारीक मणी लागले होते, दोन बोटांत धरून ओढली की पडत होते.
आनंदाने ओरडणार होतो.
मग काय झालं कुणास ठाऊक. त्या दाराचा आवाज, तो पांढरा दिवा, आणि एकदम आठवलं की ऋचा येईपर्यंत सु.ला अशाच थंडीत ठेवलं होतं. हॉस्पिटलच्या माणसाने मला आत येऊ दिलं होतं, पाच मिनिटं. हात लावला होता मी.
बाहेर आलो. शशीने खुर्ची दिली. वाटाण्याच्या पोत्यांसमोर बसून पोटभर रडलो, जॅकेट अंगातच. त्याने चहा मागवला. चांगला माणूस आहे, बडबडतो एरवी.
एक गोष्ट मी शशीलाही सांगितलेली नाही, ती इथे लिहितो. शेवटचे दोन दिवस सु. शपथ-बिपथ सगळं विसरली होती. डोळे उघडले की एकच. "ऋचा आली का?" मी म्हणायचो, येतेय, विमानात आहे. तेव्हा कुठे मी फोन केला होता. आई बोलवत होती आणि ती नव्हती, हे पोरीला कुठल्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा मीच वाईट बरा.

शनिवार, २० जाने.
मेल लिहिला. या वेळी खोडलं नाही.
चार पौंडांचा साधा नायलॉन, मऊ, थंडीसाठी म्हणून मिळत असेल तर तोच. विणलेली नको, पाणी पिऊन गोठते. रिळावर भरताना कुणाला तरी दुसरं टोक धरायला सांग, ताणून भर, सैल भरलीस तर वळ्या पडतील. गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली कर. बर्फाच्या कडेला घासून शेवटची वीतभर लाइन खराब होते, दर वेळी कापून नव्याने गळ बांध. आणि मोठा लागला तर ओढू नको, त्याला जाऊ दे, दमला की येईल.
खाली लिहिलं: शशीकाकाच्या फ्रीझरमध्ये तपासून बघितलं आहे. पाठवून टाकलं.

सोमवार, २९ जाने.
"इट वर्क्स. एक पर्च मिळाला. छोटा. परत सोडला. तू खरंच फ्रीझरमध्ये गेलास?"
प्रश्न! नऊ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याबद्दल प्रश्न. उत्तरात जॅकेटच्या आखूड बाह्यांचं लिहिलं, अगरबत्तीचं लिहिलं. खुर्चीचं नाही लिहिलं.

गुरुवार, ८ फेब्रु.
आता आठवड्याला एखादा मेल येतो. लाइनीचंच बोलतो आम्ही. शिसं किती हलकं, टोचणी कळते का. ती म्हणते की बर्फावर बसलं की बोटाला लाइन लावून ठेवते, काठी धरत नाही, सगळे विचारतात हे कुठे शिकलीस.
आज मात्र वेगळं. "आई मासे खायची नाही. वास सहन व्हायचा नाही. मग दर शुक्रवारी का यायची?"
ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन तोंड धुतलं. परत येऊन लिहिलं, तुला बघायला यायची. मासा लागला की तू माझ्याकडे बघायचीस, तेव्हा ती तुझ्याकडे बघायची.
उत्तर नाही.

शुक्रवार, १६ फेब्रु.
शशीकडे जेवायला. माधवी वहिनींनी भरली वांगी केली होती. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, रागावू नका. मी काल ऋचाला फोन केला. सांगितलं तिला, तुझ्या बाबांनी नाही, आईनेच शपथ घातली होती."
शशी ताटाकडे बघत राहिला. त्यालाही या फोनचं माहीत नव्हतं.
"काय म्हणाली?"
"काही नाही. थँक यू काकू म्हणाली आणि ठेवला."
मी बोललो बरंच. वहिनी रडल्या. त्यांना माझं भलंच करायचं होतं. पण दहा महिने जे जपलं, ते भाजी चिरता चिरता देऊन टाकलं त्यांनी. घरी आलो. फोन दोनदा उचलला आणि ठेवला.

सोमवार, १९ फेब्रु.
मेल नाही. पाठवला एक: लाइन कशी चालली आहे? मूर्खासारखा.

शुक्रवार, २३ फेब्रु.
सकाळी साडेनऊला फोन. तिच्याकडे गुरुवारची रात्र.
"बाबा, काकू म्हणाली ते खरं आहे?"
"नाही. मीच ठरवलं."
मग म्हणाली, "आपल्या घरात पडदे कुठले हे तू कधी ठरवलं नाहीस. हे तू ठरवलंस?"
मला हसू आलं. खरंच आलं, काय करू. तीही हसली असावी, नाकातून. आणि त्यातच तिचा आवाज फुटला.
"म्हणजे तिला मी तिथे नको होते. बाबा, शी डिडन्ट वॉन्ट मी देअर."
हेच. याच एका वाक्याला मी एप्रिलपासून भीत होतो.
म्हटलं, तसं नाही गं. म्हणाली, मग कसं? मी म्हटलं, झोप आता, उद्या निवांत बोलू. तर म्हणाली, "उद्या माझी मिडटर्म आहे. सकाळी नऊला. तरीही आत्ता सांग. परीक्षा आहे म्हणून काही लपवू नको. प्लीज."
गॅसवर चहा उकळून उतू गेला, वास येत होता, उठलो नाही.
सांगितलं. आधी शपथेचं. मग शेवटच्या दोन दिवसांचं. ती तुलाच बोलवत होती. दर वेळी डोळे उघडले की तुझं नाव. मी म्हणायचो, येतेय, आणि ती दाराकडे बघायची. सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ केला नाही, मला जमलंही नसतं.
पलीकडून हीटरचा असावा, एक घुं आवाज येत होता. मी ऋचा, ऋचा म्हणत राहिलो.
खूप वेळाने: "ओके. मला अभ्यास करायचाय."
फोन बंद.

शनिवार, २४ फेब्रु.
ऑफिसात तीस वेळा मेल उघडला असेन. शशीचा फोन आला, वहिनींनी विचारलंय म्हणे. म्हटलं, त्यांना सांग माझा राग नाही. आता कुणावरच नाही. भीती आहे फक्त.
काल सांगायला नको होतं असं सकाळी वाटलं. दुपारी वाटलं, बरं झालं. आता पुन्हा सकाळचंच वाटतंय.

रविवार, २५ फेब्रु.
सु.च्या फोटोला हार घातला. तिला म्हटलं, तुझी शपथ मोडली, आता बोलू नकोस माझ्याशी. तशीही कुठे बोलतेस.
मेल नाही. फोन केला, वाजत राहिला. तिकडे मार्चअखेरपर्यंत बर्फ असतो म्हणते, गेली असेल तळ्यावर. किंवा नसेल गेली.
पेपर कसा गेला ते अजून कळलेलं नाही.