शेळी क्रमांक सातच्या फाटकाची खरी नोंद

दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. संचालक,
सह्यमाथा पशुजनुक संशोधन केंद्र,
चाकण.

विषय : शेळी क्रमांक ७ हिला नष्ट करण्यासाठी गुरुवारी न नेणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ६ नोव्हेंबरचे पत्र.

महोदय,

अर्जदार भीमराज सोनकांबळे, वय त्रेसष्ट, हा येथील सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षे तपासनीस होता. खराब निघालेल्या नगाला लाल टॅग लावणे हे त्याचे काम. पत्नी सोजरबाई वारल्यापासून तो दोन खोल्यांत एकटा राहतो. मुलगा प्रितम आयटीत, मारुंजीला असतो; रविवारी येतो म्हणतो आणि नेमकी शिफ्ट बदलते. अशात आपल्या केंद्रास जनुक बदललेली शेळी पाळून रोजची नोंद ठेवणारा माणूस हवा होता. नोंद ठेवणे अर्जदारास येते, म्हणून शेळी त्याच्याकडे आली.

तिला नाव ठेवू नये, अशी अट होती. ठेवले नाही. अर्जदार "सात" म्हणतो आणि ती येते.

शेळीच्या गुणाबद्दल अर्जदाराची काडीचीही तक्रार नाही. मार्चमध्ये पीपीआर या शेळ्यांच्या रोगाची साथ आली तेव्हा शेजारी ज्योतीराम यांच्या अकरा शेळ्या आठवड्यात गेल्या. सातला साधी शिंकही आली नाही. असली शेळी आमच्यासारख्याला कधी मिळणार, असे ज्योतीराम यांनी विचारले. दुसरी बाजू दर गुरुवारी तपासणीस येणाऱ्या डॉ. अनुया मॅडम यांनी समजावली. बदललेले जनुक गावच्या कळपात मिसळले तर पुढे काय होईल हे अजून कुणालाच ठाऊक नाही. कंपनीतून गेलेला माल ट्रक पाठवून माघारी आणता येतो, हे मात्र आणता येणार नाही. अर्जदारास ते पटले. म्हणून दुहेरी जाळी, आणि म्हणून सातला दुसऱ्या शेळीजवळ जायची बंदी.

परंतु महोदय, रोज चार वाजता ज्योतीराम यांचा उरलेला कळप रस्त्याने परततो. सात जाळीला तोंड लावून ओरडते. कळप वळणाआड गेला तरी ओरडते. यासाठी रजिस्टरात रकाना नाही, सबब अर्जदाराने आठ महिने शेऱ्यात "ओरडली" एवढेच लिहिले. त्याबद्दल कधी विचारणा झाली नाही. ज्योतीराम एकदा म्हणाले, "राव, तुमची मरत न्हाई ते खरं हाय. पन तिला कुनी नको का?"

दि. २ नोव्हेंबर रोजी सात कळपात गेली. कळपात बोकड होता. "फाटक उघडे राहिले", अशी अर्जदाराची नोंद आहे व तिच्यावरूनच आपले पत्र निघाले. सदर नोंद खोटी आहे. फाटक अर्जदाराने उघडले. सात पंचवीस मिनिटे कळपात होती आणि पंचवीस मिनिटे गप्प होती. अर्जदार रस्त्याकडेला बसून बघत राहिला. खरे लिहायचे तर, त्यास फार बरे वाटले.

तपासनिसाचा नियम असा की, आधी यंत्र आणि चालवणारा तपासायचा. दोष चालवणाऱ्याचा निघाला तर चांगला नग कुणी भंगारात टाकत नाही. यास्तव लाल टॅग अर्जदारास लावावा. जनावर वेगळे कोंडतात तसे अर्जदारास कोंडायचे असल्यास त्याची हरकत नाही. एकटे राहण्याची त्यास सवय आहे.

सात गाभण आहे की नाही, हे पंधरा डिसेंबरच्या सुमारास तपासणीत कळेल, असे मॅडम म्हणाल्या. तोवर थांबावे. गाभण निघाली तर अर्जदार स्वतः दावे धरून तिला आणून देईल. नसेल तर तिला जगू द्यावे, पण अर्जदाराकडे ठेवू नये. तिचा क्रमांक सात आहे, म्हणजे एक ते सहा कुठेतरी असणारच. तिला त्यांच्यात सोडावे.

अर्जदारास दुसरी शेळी नको.

नोंद दुरुस्त करून सहीनिशी सादर,

भीमराज सोनकांबळे
(माजी तपासनीस)

सोबत : १. रजिस्टर, चुकीच्या ओळीवर सहीसह.
२. फाटकाची किल्ली.