माझ्या नावापुढे कोरं

४ सप्टें., सोम.
नवं राज्य निघणार, म्हणून आमच्या खात्याचीही वाटणी. कोण भोपाळकडे, म्हणजे जुन्या राज्यात आहे तिथेच, आणि कोण नव्या राज्यात रायपूरला, ती यादी कॉम्प्युटरवरून काढायची. श्रीवास्तव साहेबांनी काम माझ्या गळ्यात घातलं, कारण कोर्स मी एकटीने केलाय. हौस दांडगी ना माझी! भोगा आता.
स्क्रिप्ट लिहिली, मशीनला ओळीने द्यायचे हुकूम. प्रत्येकाच्या नावाचा एक व्हेरिएबल, म्हणजे नाव चिकटवलेला डबा. आत त्याने मागितलेलं राज्य. हजेरीपटावरून नाव उचलायचं, त्या नावाचा डबा उघडायचा, आतलं छापायचं. छापलं काय? नावच. पानंच्या पानं नुसती नावं.

५ सप्टें.
सकाळपासून तेच. डॉलरचं चिन्ह लावलं की नाव हातात येतं, डबा काही उघडत नाही. डोकं पिकलं. चारला पुस्तकात सापडलं, महिरपी कंसात नावाआधी एक उद्गारचिन्ह हवं. एवढ्याशासाठी दोन दिवस! भोपाळ, भोपाळ, रायपूर असं छापत सुटलं. मी एवढ्या मोठ्यांदा "झालं!" म्हटलं की साहेब दारात. "सब ठीक, मैडम?"

७ सप्टें.
ठीक कसलं. सहा नावांपुढे कोरं. चूक दाखवत नाही, काही नाही, गप्प बसतं मेलं. आणि वरून हुकूम असा, की कोरं म्हणजे विकल्प दिला नाही, आणि विकल्प नाही तो रायपूर.
सहाही बायका. सहाही आपल्या मराठी, इथल्या लष्कर भागात राहणाऱ्या. सहावी मी.
सहांतल्याच शैलाताईंशी बोलता बोलता ट्यूब पेटली. आमच्या नोकऱ्या लग्नाआधीच्या. विकल्प चढवले सर्व्हिस बुकावरून, माहेरच्या नावाने. हजेरीपट सासरच्या नावाचा. इथल्या बाकीच्या बायकांचं फार तर आडनाव बदलतं, तेही त्यांनी कागदोपत्री जुनंच ठेवलंय. आमचं सबंध नावच बदललेलं. माझंच बघा, माहेरच्या कुंदा लिमयेच्या डब्यात भोपाळ आहे, आणि मशीन सासरच्या ऊर्मिला मुळेचा डबा शोधतंय. असा डबाच नाही.

८ सप्टें.
साहेबांना म्हटलं, दोन्ही नावांची जोडी लावते, दहा मिनिटांचं काम. "लगाइए. पर हर जोड़ी का काग़ज़ चाहिए."
कागद कुठला? घरी सासूबाईंना विचारलं, माझं नाव बदलल्याचा काही पुरावा? "अगं, ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलं होतं की श्रीकांतने. मोठ्या सूनबाईही कुंदाच, एका घरात दोन कुंदा कशा चालतील?" आणि ते तांदूळ? "त्याची खीर केली."
हसावं की रडावं! श्रीकांत पेपरमागे लपलेले. हे शिकवतात ते कॉलेज इथलंच, यांना कुठे जायचंय?

११ सप्टें.
सहा जणी कोर्टाच्या कचेरीत, शपथपत्रं करायला. टायपिस्ट वैतागला. "बहनजी, ये आप ही हैं कि दो अलग-अलग हैं?" शैलाताई म्हणाल्या, "भैया, बीस साल से यही सोच रहे हैं." खूप हसलो.
सही दोन्ही नावांनी करायची होती. 'कुंदा' लिहिताना हात अडला. दुसऱ्या कुणाची सही मारतेय असं वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं.

१३ सप्टें.
पाच जोड्या मंजूर. माझी नाही. "मैडम, स्क्रिप्ट आपकी, एंट्री भी आपकी? कल कोई उंगली उठाएगा. ऊपर से पूछना पड़ेगा." त्यांचंही चूक नाही, हाच तर संताप. एक ओळ टाकायची होती. टाकता येते मला, साहेबांना कळलंही नसतं. बोटं की-बोर्डवर ठेवून बसले बराच वेळ. नाही टाकली.

१५ सप्टें., शुक्र.
यादी आज भोपाळला गेली. माझ्या नावापुढे कोरं. सोबत साहेबांची चिठ्ठी, की विचार व्हावा. कधी होणार? "देखिए..."
लेकीची, रेवाची, यंदा दहावी. जेवताना म्हणाली, "आई, तू गेलीस तो मैं किसके पास रहूँगी? म्हणजे, बाबांजवळच ना?" विचारलं असं, जसं काही ठरलंच आहे. श्रीकांत ताटावरून उठले.
मी पोळ्या लाटत होते. सासूबाई आत आल्या, पोळपाट स्वतःकडे ओढला. "सरक, मी करते." मग खाली बघतच, "त्या साहेबाला सांग, माझी सही घे म्हणावं. नाव आम्हीच बदललं, हिला कुणी विचारलं नव्हतं."
त्यांची सही चालेल का, माहीत नाही. सोमवारी घेऊन जाते त्यांना.