जावईबापूंनी रबर आतच शिजवलं

ती. आत्यास साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घे). तुझा गुडघा, काकांचा खोकला आणि जावयाचं कौतुक शेजारणींना सांगून सांगून बसलेला तुझा घसा, सगळं ठीक असेलच.

कंबर का धरली ते सांगतो. तुझे जावई आमच्या कारखान्यात साहेब म्हणून आले, हे आमचं भाग्य. आम्ही गाडीच्या दाराला लागणाऱ्या रबरी पट्ट्या काढतो. कच्चं रबर यंत्राच्या नळीत जातं, आतला स्क्रू त्याला पुढे रेटतो, तोंडाशी साच्यातून मऊ पट्टी बाहेर पडते आणि मग तापलेल्या बोगद्यातून जाऊन पक्की होते. नळीत कोमट, बोगद्यात कडक. एवढं कुणालाही कळतं, म्हणूनच जावईबापूंना पटलं नाही. म्हणाले, "दोनदा कशाला तापवायचं? आतच पक्कं करा, बोगदा बंद, वीज वाचेल!" मी विचारलं, पक्कं झालेलं रबर साच्यातून निघायचं कसं? त्यावर ते नुसते हसले (मेहुण्याकडे बघून जावई हसतो तसे) आणि स्वतःच्या हातांनी नळीची उष्णता वाढवली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यातून नवरा आमच्याच ताईचा, बोलणार कोण?

पहिली वीतभर पट्टी फार देखणी आली. तिचा फोटो मालकांना गेलासुद्धा. मग यंत्र कण्हलं, जळका वास सुटला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. वीज मात्र खरंच वाचली, कारण यंत्रच बंद. मी आणि फिटर स्क्रू ओढत होतो, रबर खरवडत होतो आणि जावईबापू लांबून "जोर लावा" असा तांत्रिक सल्ला देत होते. मालकांचा निरोप आला, ज्याने हे केलं तो घरी जाईल.

बाकी क्षेम आहे. काकांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. : नळीतून निघालेला रबराचा ठोकळा सोबत पाठवतो आहे. दाराला टेकण म्हणून लाव. जावयाच्या हातची वस्तू आहे, जन्मभर झिजायची नाही.

ता. क. २ : मालकांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, उष्णता कोणी वाढवली? जावईबापू फरशी न्याहाळत होते. ताईला सातवा महिना आहे हे आठवलं आणि माझ्या तोंडून "मी" निघून गेलं. तेव्हा पुढच्या महिन्यापासून मी घरी. तुमच्याकडच्या टायरच्या कारखान्यात काकांची ओळख आहे ना? तेवढा शब्द टाकायला सांग. ताईला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता. क. ३ : शिफारसपत्राची काळजी नको. जावईबापूंनी ते आपणहून दिलं आहे. त्यात लिहिलंय, ‘मुलगा कष्टाळू आहे, पण उष्णतेच्या बाबतीत जरा उतावळा.’