तोंडाला तोंड

दि. ३ जून

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझी आई फोनवर सगळं ऐकते आणि मला निम्मंच सांगते, म्हणून हे पत्र. सोमवारी म्हणे तू पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने 'अनॅस्टोमोसिस' करणार, आणि ते गळलं तर मोठे डॉक्टर आणखी वर्षभर तुला नुसता चिमटा धरून उभं करणार. हा शब्द मी दुकानात चार गिऱ्हाइकांना ऐकवला. चौथ्याने अर्थ विचारला, तेव्हा मी त्याच्यापुढे नळांचा कॅटलॉग सरकवला! अर्थ कळव.

आणि एक सांगतो. शेवटचा जोड कसण्याआधी नळीतून थोडं वाहू द्यायचं, आतली हवा आणि कचरा निघून जातो. डॉक्टरीणबाईंना नळवाला शिकवतोय, हसू नकोस.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
बाबा

दि. ११ जून

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

वि. वि. शब्द जुना, ग्रीक. 'स्टोमा' म्हणजे तोंड. तोंड करून देणं, वाट मोकळी करणं, हा मूळ अर्थ. आता रक्तवाहिनी रक्तवाहिनीला जोडण्याला तसं म्हणतात. म्हणजे तुमचंच काम, फक्त केसाहून बारीक दोऱ्याने.

एका निवृत्त मास्तरांच्या मनगटात धमनी शिरेला जोडायची होती, डायलिसिससाठी. शेवटची गाठ मारण्याआधी मी रक्त अडवणारा चिमटा सैल केला, हवा आणि बारीकशी गुठळी बाहेर आली, मग गाठ मारली. थेंबभर गळलं नाही. वर बोट ठेवलं तर रक्त धावल्याची थरथर लागली.

'मी सांगायच्या आत हे तुला कोणी शिकवलं?' असं मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. बाबा, गेल्या वर्षी तुम्ही हॉस्टेलवर आलात, तेव्हा हत्यारांची पिशवी मी दाराआड ठेवायला लावली होती. त्याची मला फार लाज वाटते. परवा मात्र भरल्या खोलीत ठणकावून सांगितलं, की माझे बाबा प्लंबर आहेत, त्यांनी शिकवलं. पुढचं ऑपरेशनही मलाच दिलंय.

तुमची माया आहे तशीच राहू द्या.
बबडी

दि. १६ जून

चि. डॉक्टर बबडीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं, दोनदा. पिशवीचं तेव्हा लागलं होतं, खोटं कशाला बोलू? पण ते आता मनातून काढून टाक. मास्तरांचा हात कसा आहे, ते रोज बघत जा. जोड आपला आहे.

तीस वर्षं लोकांनी मला गळायला लागल्यावरच हाक मारली. न गळलेल्या जोडासाठी माझं नाव आजवर कोणी घेतलं नव्हतं. ते तू घेतलंस.

तुझाच,
बाबा